आम्ही आणि आपण

कॉलेजसाठी पुण्यात आले तेव्हा वसतिगृहाच्या एका खोलीत आम्ही तिघी राहायचो. एक नाशिकची, एक वर्ध्याची आणि मी गडहिंग्लजजवळच्या एका खेड्यातली. संध्याकाळी जी शेवटी परतायची तिला दार वाजवावं लागे. आतून ‘कोण?’ असं विचारलं की नाशिकची म्हणायची, ‘मी आले गं.’ वर्ध्याची म्हणायची, ‘मी आली.’ आणि मी म्हणायचे, ‘मी आलो.’

आमच्याकडे बायका असंच बोलतात. ‘मी बाजाराला गेलतो’, ‘मी जेवलो’, ‘मी उद्या येतो’. माझी आजी असं बोलत होती, आई बोलते, शाळेतल्या मैत्रिणी बोलायच्या. तिसऱ्या बाईबद्दल बोलताना ‘ती आली’ असंच म्हणायचं, समोरचीला ‘कवा आलीस?’ असंच विचारायचं. पण स्वतःबद्दल बोलताना ‘आलो’. यात कुणाला काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. पहिल्या सत्रात एका तासाला मी उभं राहून उत्तर दिलं, ‘सर, मी ते वाचलो नाही, पण ऐकलोय.’ सरांनी विचारलं, ‘तू मुलगा आहेस का?’ वर्ग हसला. मी खाली बसले. त्या दिवसापासून मी ‘आले’ म्हणायला शिकले, आणि त्या वर्षाच्या दिवाळीत घरी गेले तेव्हा दारातूनच हाक मारली, ‘आई, मी आले.’ सोप्यात बसलेल्या आजीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘कुणाचं बोलणं उचलून आणलीस गं हे?’

तिच्या आवाजात राग नव्हता, थट्टा नव्हती. नात आपल्यातून गेली की काय, अशी भीती होती. सरांचा प्रश्न मी कधीच विसरले असते. आजीचा प्रश्न मात्र गेली तीस वर्षं माझ्यासोबत आहे आणि पुढच्या पानांतले सगळे लेख त्या प्रश्नाला दिलेली उत्तरं आहेत.

तिघी बायका, तिघींची मातृभाषा मराठी, आणि क्रियापदाच्या शेवटी ए, ई आणि ओ. या एका स्वरावरून बाई कुठली ते कळतं. विदर्भात ‘मी आली, मी गेली’ घरोघरी ऐकू येतं. पाठ्यपुस्तकात ‘आले, गेले’ आहे. कोल्हापूरच्या दक्षिणेला ‘आलो, गेलो’. आमच्या गावाहून संकेश्वरचा बाजार जवळ. तिथे अर्धं बोलणं कन्नडमध्ये. कन्नडमध्ये ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ या दोन्हींना एकच रूप, ‘नानु बंदे’. बोलणारा पुरुष की बाई, ते प्रथमपुरुषाचं क्रियापद सांगत नाही. कन्नडच्या शेजारी पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या, तिथे मुली दिलेल्या आणि तिथल्या मुली आणलेल्या घरांतल्या बायकांच्या तोंडी मराठीचं क्रियापदही तसंच बसलं, असं मी मानते. माझ्या ‘आलो’मध्ये मुलगा नव्हता, सीमेवरचं एक गाव होतं.

माणसाची ओळख सांगायची म्हटली की आपण मोठ्या गोष्टी पुढे करतो: सण, देव, पोशाख, जेवण, इतिहास. या सगळ्या गोष्टी माणूस ठरवून दाखवू शकतो किंवा झाकू शकतो. प्रत्यय, सर्वनाम, क्रियापदाचं रूप यांच्याकडे बोलणाऱ्याचं लक्ष नसतं, आणि म्हणून तीच त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त सांगतात. व्याकरण हा शब्द ऐकला की बऱ्याच जणांना शाळेतली छडी आठवते. मला त्या शब्दाबरोबर घर आठवतं. कोण कुणाला कसं हाक मारतं, कुणाला धरून बोलतं आणि कुणाला वगळून, हे सगळं व्याकरणच आहे.

सुरुवात या प्रस्तावनेच्या शीर्षकातल्या दोन शब्दांपासून करते. हिंदीत ‘हम’ म्हटलं की त्यात ऐकणारा आहे की नाही ते संदर्भावरून ओळखावं लागतं. मराठीत ओळखावं लागत नाही. ‘आम्ही उद्या पंढरपूरला जाणार’ म्हणजे तू नाहीस. ‘आपण उद्या पंढरपूरला जाणार’ म्हणजे तूही आहेस. ही सोय गुजरातीत आहे, तेलुगूत आहे, तमिळमध्ये आहे. भाषाशास्त्रज्ञ मराठी-गुजरातीतल्या या भेदाचा संबंध द्राविडी भाषांच्या शेजाराशी लावतात. मराठी माणूस तोंड उघडतो तेव्हा पहिल्याच सर्वनामात त्याला ठरवावं लागतं की समोरच्याला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं. तीन वर्षांचं पोरही हा भेद चुकत नाही. खाऊची पुडी हातात असेल तर ते ‘आमचा’ म्हणतं, आणि पुडी दुसऱ्याच्या हातात असेल तर ‘आपला’.

मोठेपणी हेच सर्वनाम फार वेगळ्या कामाला लागतं. ‘आमच्यात हळद आदल्या दिवशी लागते.’ ‘तुमच्यात बांगड्या कोण भरतं?’ ‘मुलगा चांगला आहे, शिवाय आपल्यातलाच आहे.’ या तिन्ही वाक्यांत जात हा शब्द नाही आणि तिन्ही वाक्यं जातीबद्दल आहेत. ‘त’ प्रत्यय लागला की सर्वनामाचं घर होतं आणि घराला दार लागतं. शहरात भाड्याची खोली शोधताना मी हे फार जवळून ऐकलं आहे. घरमालकीण चहा देते, गावाची चौकशी करते, आडनाव विचारते, आणि शेवटी प्रेमाने म्हणते, ‘आम्ही आपल्यातल्याच कुणाला तरी द्यायचं म्हणतोय.’ त्या ‘आपल्यातल्या’मध्ये मी नाही हे मला कुणी समजावून सांगावं लागत नाही. मराठी येत असलेल्या कुणालाही ते कळतं. नकार इतक्या गोड आणि इतक्या नेमक्या शब्दांत देता येतो ही आपल्या भाषेची ताकद आहे, आणि मला तिचा त्रास होतो.

पण हेच ‘आपण’ आदराचंही आहे. ‘आपण बसावं’ म्हणताना समोरचा परका, मोठा आणि तरीही आतला होतो. मुंबईच्या गल्लीत एखादा पोरगा ‘आपण नाय घाबरत’ म्हणतो तेव्हा त्याचा ‘आपण’ म्हणजे तो एकटाच असतो, आणि त्या एकट्याच्या पाठीमागे सगळी गल्ली उभी असते. एका शब्दाने इतकी कामं करावीत असं दुसरं सर्वनाम मला माहीत नाही.

लिंगाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण माझी सगळी कथा तिथूनच निघाली. मराठीने संस्कृतातली तिन्ही लिंगं सांभाळली. कोकणीने आणि गुजरातीनेही सांभाळली. हिंदीने नपुंसकलिंग टाकलं, बंगालीत तर व्याकरणातलं लिंगच उरलं नाही. तिसरं लिंग ठेवल्यामुळे मराठीत एक गोष्ट घडते, ती मला फार आवडते. ‘माणूस आला’ हे पुल्लिंगी आहे. माणूस एकाचे अनेक झाले की ‘माणसं आली’, आणि हे नपुंसकलिंगी. मुलगा आणि मुलगी मिळून ‘मुलं’ होतात. नवरा-बायको ‘दोघं आली’. हिंदीत ‘दोनों आए’ म्हणतात, म्हणजे बाई पुरुषाच्या रूपात सामावली जाते. मराठीत दोघंही आपापलं लिंग बाजूला ठेवून तिसऱ्या जागी भेटतात. गोव्याच्या कोकणीत लहान मुलीला, तरुण मुलीलाही, ‘तें’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते खटकलं होतं. नंतर कळलं की आमच्याकडेही ‘पोरगं’, ‘लेकरू’, ‘पाखरू’ अशी मायेची सगळी हाक याच लिंगात असते.

नात्यांच्या शब्दांत तर अख्खी समाजरचना जपलेली सापडते. माझी आई सासूला ‘आत्याबाई’ म्हणायची आणि सासऱ्याला ‘मामंजी’. आजी तिची आत्या नव्हती, आजोबाही मामा नव्हते. मग हे शब्द का? कारण एके काळी, आणि आमच्या भागात अगदी परवापर्यंत, मामाची मुलगी करून घेण्याची रीत होती. मुलीच्या बाजूने पाहिलं तर ती आत्याच्या घरी सून म्हणून जायची, म्हणजे सासू खरोखरच आत्या. रीत मागे पडली, शब्द राहिला. कन्नडमध्येही सासू आणि आत्या यांना एकच शब्द आहे, ‘अत्ते’. सासरा आणि मामा यांना एकच, ‘माव’. इरावती कर्वे यांनी १९५३च्या आपल्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात उत्तरेची आणि दक्षिणेची नातेव्यवस्था वेगळी करून दाखवली आणि महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात ठेवला. उत्तरेत मामाच्या मुलीशी लग्न म्हणजे बहिणीशी लग्न, दक्षिणेत मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्कच. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये उभा आहे हे सांगायला त्यांना मोठा ग्रंथ लिहावा लागला. माझ्या आईने ते रोज सकाळी चुलीपाशी ‘आत्याबाई, चहा घेताय न्हवं?’ या एका हाकेत सांगितलं होतं. सांगते आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

आता गावोगावी सुना सासूला ‘आई’ म्हणतात. यात जिव्हाळा आहे आणि मला त्याबद्दल तक्रार नाही. फक्त इतकंच, की ‘आत्याबाई’ म्हणणारी शेवटची पिढी सत्तरीच्या पुढे आहे.

सांगलीजवळच्या कुपवाडची गोष्ट भाषांच्या अशा शेजारावर काम करणाऱ्या जगभरच्या माणसांना माहीत आहे आणि सांगलीकरांना सहसा माहीत नसते. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोन अभ्यासकांनी १९७१ साली या गावावर एक लेख प्रसिद्ध केला. तेव्हा कुपवाडमध्ये काही समाजांत कन्नड, काहींत मराठी, मुसलमानांत उर्दू अशा भाषा घरात बोलल्या जात, आणि बाहेर बहुतेक पुरुषांना एकाहून जास्त भाषा येत. अभ्यासकांना असं दिसलं की शब्द आपापले राहिले, पण वाक्याची चौकट सगळ्यांची जवळपास एक झाली. एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवत दुसऱ्या भाषेत नेता येई. यावर मी फार विचार केला आहे. व्याकरण एक होऊ शकतं, कारण शेतात, बाजारात, विहिरीवर रोज एकमेकांशी बोलावं लागतं. शब्द मात्र कुणी सोडत नाही, कारण घरी परतल्यावर आपण कोण ते त्या शब्दांतून सांगायचं असतं. एका गावात माणसं इतकी जवळ आली आणि तरी वेगळी राहिली, हे दोन्ही एकाच बोलण्यात नोंदवलं गेलं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे पुस्तक मुळात लिहायला घेतलं तिच्याकडे येते. बोलणं माणसाचं गाव सांगतं, नातं सांगतं, पण समाजात त्याला कुठे बसवलं आहे हेही सांगतं, आणि बऱ्याचदा तेच त्याला तिथे बसवत असतं.

शहरातल्या एखाद्या घरात दारावरची घंटा वाजते. मुलगा दार उघडून आत ओरडतो, ‘आई, बाई आल्या.’ म्हणजे शिकवणीच्या शिक्षिका आल्या. तासाभराने पुन्हा घंटा वाजते आणि तोच मुलगा ओरडतो, ‘आई, बाई आली.’ म्हणजे धुणंभांडी करणाऱ्या मावशी आल्या. शब्द तोच, ‘बाई’. फरक फक्त क्रियापदाच्या वचनाचा. या मुलाला कुणी वर्गात बसवून हे शिकवलेलं नाही. कुणासाठी अनेकवचन आणि कुणासाठी एकवचन, हे तो चार-पाच वर्षांचा असतानाच घरातल्या बोलण्यातून उचलतो. दुसऱ्या बाई वयाने पहिलीपेक्षा वीस वर्षांनी मोठ्या असल्या तरी क्रियापद बदलत नाही. समाजशास्त्राच्या वर्गात दिवसभर बोलून जे नीट सांगता येत नाही ते या दोन वाक्यांत आहे.

घरातल्या घरातही तसंच. ‘आजोबा आले’ आणि ‘आजी आली’. आजोबांना अनेकवचन, आजीला एकवचन. बाबांना ‘तुम्ही’, आईला ‘तू’. हे आता बदलतं आहे, ‘ए बाबा’ म्हणणारी मुलं शहरांत सर्रास दिसतात, पण माझ्या पिढीत बापाला ‘तू’ म्हणणं कल्पनेत नव्हतं. यावर दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, आईला ‘तू’ म्हणतो ती जवळीक आहे. विठ्ठलालाही आपण ‘तू’च म्हणतो, त्यालाही ‘माउली’ करून ठेवलं आहे. दुसरं म्हणतं, बाईला कमी लेखलं म्हणून एकवचन. मला दोन्ही खरी वाटतात, आणि एकाच शब्दात माया आणि कमीपणा इतके एकजीव झालेले असतात की वेगळे काढता येत नाहीत, हीच आपल्या घरांची खरी स्थिती आहे. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या बायकांनी ‘अहो’ या हाकेचंच नाम केलं, ‘आमचे अहो’. खेड्यात तेच ‘मालक’, ‘धनी’, ‘कारभारी’. नाव घ्यायचंच तर उखाण्यात गुंफून. आणि बायकोला नवरा काय म्हणायचा? ‘आमची मंडळी’, ‘आमचं कुटुंब’, ‘घरातनं’. बाई कधी समूह झाली, कधी जागा झाली, व्यक्ती क्वचितच.

याहून कठोर गोष्ट नावांची. गोविंद नावाच्या मित्राला मित्र ‘गोंद्या’ म्हणतात तेव्हा त्यात प्रेम असतं. तेच ‘गोंद्या’ पाटलाच्या वाड्यावरून महारवाड्यातल्या साठीच्या माणसाला उद्देशून येई तेव्हा ते नाव राहत नसे, ती पायरी असे. पाटलाचा दहा वर्षांचा मुलगा त्या म्हाताऱ्याला ‘अरे गोंद्या’ म्हणायचा आणि म्हातारा त्या मुलाला ‘धाकलं धनी’ म्हणायचा. अभिवादनही ठरलेलं होतं, ‘जोहार’, वाकून. आंबेडकरी चळवळीने पाणवठा मागितला, मंदिर मागितलं, मतदान मागितलं, हे सगळ्यांना माहीत आहे. तिने भाषेत काय केलं हे कमी सांगितलं जातं. ‘जोहार’ सोडून ‘जय भीम’ म्हणायला सुरुवात केली, आणि ते दोन बरोबरीच्या माणसांनी ताठ मानेने एकमेकांना म्हणायचं अभिवादन होतं. त्या दोन शब्दांत वरचा-खालचा नाही. व्याकरणात केलेलं याहून मोठं बंड मराठीत झालेलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

महाराष्ट्रात कुणी कुणाला भेटलं की पहिल्या शब्दात निम्मी ओळख होते. रामराम, जय भीम, जय जिनेंद्र, सलाम, वारकऱ्यांचं ‘रामकृष्ण हरी’, महानुभावांचं ‘दंडवत प्रणाम’. आणि शेवटच्या शब्दातही. वर्तमानपत्रातलं निधनवार्तेचं पान काढून बघा. कुणी कैलासवासी, कुणी वैकुंठवासी, कुणी पैगंबरवासी, कुणी ख्रिस्तवासी, कुणी लिंगैक्य, कुणी कालकथित. माणूस गेल्यावर कुठे गेला याबद्दल या मातीत किती वेगवेगळ्या समजुती शेजारी शेजारी नांदतात हे त्या एका पानावर दिसतं. सगळी मराठीच.

शुद्ध-अशुद्धाबद्दल मी थोडं जास्त बोलणार आहे, वाचकांनी ते सोसावं. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ साली छापलं गेलं. त्याच शतकात शाळा निघाल्या, सरकारी पाठ्यपुस्तकं निघाली, मेजर कँडींसारख्या अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली त्या पुस्तकांची भाषा घडली. पुस्तकांसाठी एक ठरलेली भाषा लागते, ते मला मान्य आहे. जी निवडली गेली ती पुणे परिसरातल्या शिकलेल्या उच्चवर्णीय घरांची होती, कारण शिकवणारे आणि लिहिणारे तिथले होते. त्यातही नवल नाही. अन्याय पुढे झाला. ज्यांच्या घरात ती भाषा होती त्यांना वाटू लागलं की आपण बोलतो तीच मराठी आणि बाकीचे मराठी बिघडवतात. आणि ज्यांच्या घरात ती नव्हती त्यांनाही हळूहळू तसंच वाटू लागलं. हे दुसरं जास्त वाईट झालं.

‘पाणी’ आणि ‘पानी’ घ्या. वर्गात ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला हसलं की ते हसू त्याच्या उच्चारापाशी थांबत नाही. ते त्याच्या वस्तीपर्यंत, जातीपर्यंत पोचतं, आणि हसणाऱ्याला व हसल्या गेलेल्याला दोघांनाही ते नीट कळतं. आता भाषेचा इतिहास काय सांगतो? महाराष्ट्री प्राकृतात ‘न’चे ‘ण’ होत, जिथे आज आपण ‘न’ म्हणतो तिथेही. म्हणजे ‘ण’ कुठे आणि ‘न’ कुठे, हे काळाप्रमाणे सरकत आलं आहे. आणि तोच ‘पानी’ हिंदी बातमीदाराच्या तोंडून आला की कुणाला खटकत नाही, कारण तिथे तो राजभाषेचा शब्द असतो. उच्चार तोच असूनही एकाला मान आणि दुसऱ्याला हसू. म्हणजे प्रश्न उच्चाराचा नव्हताच, तो कोण उच्चारतो याचा होता.

शिक्षिका म्हणून मी वर्गात प्रमाण मराठी शिकवते आणि शिकवत राहीन. अर्ज लिहायला, न्यायालयात बोलायला, परीक्षेला, साताऱ्याच्या माणसाने चंद्रपूरच्या माणसाचं लिहिलेलं वाचायला ती लागते. माझं म्हणणं एवढंच, की तिच्या शेजारी घरची बोली उभी राहिली पाहिजे, तिच्या पायाखाली नव्हे. मुलाला आपण ‘चुकलास’ न म्हणता ‘इथे हे लिहितात, तुझ्याकडे ते म्हणतात’ असं म्हटलं तर त्याला दोन भाषा येतात. ‘चुकलास’ म्हटलं तर तो एक विसरतो आणि दुसरी घाबरत घाबरत बोलतो. मी अशी घाबरलेली मुलं पाहिली आहेत. मी त्यांतलीच एक होते.

आपल्याच वाङ्मयाने याची साक्ष वेळोवेळी दिली आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्रासाठी चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या त्या लोकांना भेटून, त्यांच्या तोंडून ऐकून. म्हणून मराठीतल्या त्या आद्य गद्य ग्रंथात आजही बोलणारी माणसं ऐकू येतात. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या १९५१ साली गेल्या, आणि पुढच्याच वर्षी त्यांची गाणी अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली. खान्देशातल्या लेवा घरातली ती बोली कुणी आधी ‘शुद्ध’ करून घेतली असती तर आज आपल्याकडे काय उरलं असतं? मग १९७८ला दया पवारांचं ‘बलुतं’ आलं, १९८०ला लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’, १९८७ला लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’. या पुस्तकांनी मराठीत नवे अनुभव आणले असं नेहमी म्हटलं जातं. त्यांनी नवी वाक्यं आणली, नवी संबोधनं आणली; आजवर फक्त हाक ऐकणारी माणसं त्यांत हाक मारू लागली.

महाराष्ट्राबाहेर गेलेली मराठीही हेच सांगते. तंजावरला भोसल्यांचं राज्य सतराव्या शतकात उभं राहिलं आणि १८५५ साली संपलं. बृहदीश्वराच्या देवळात दुसऱ्या सरफोजींनी १८०३ साली कोरवून घेतलेला लांबलचक मराठी शिलालेख आहे. राज्य गेलं, राजभाषा गेली, पण तिथल्या मराठी घरांत आतलं बोलणं टिकलं, तमिळच्या वळणाने वाकून टिकलं. कोकणातले बेने इस्राएल ज्यू, ज्यांना गावं ‘शनवार तेली’ म्हणून ओळखत, ते इस्राएलला गेले तरी त्यांच्यापैकी कितीतरी घरांनी पेणकर, रोहेकर, किहीमकर ही आडनावं सोबत नेली. ‘कर’ हे दोन अक्षरांचं शेपूट म्हणजे पेणची आणि रोह्याची माती. भूमध्य समुद्राकाठच्या टपालपेटीवर ते नाव वाचणाऱ्या तिथल्या माणसाला त्यात काही दिसत नसेल. आपल्याला अख्खा रायगड जिल्हा दिसतो.

२०११च्या जनगणनेत आठ कोटी तीस लाख लोकांनी मराठी ही मातृभाषा म्हणून सांगितली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. चौकाचौकांत फलक लागले, मलाही आनंद झाला. त्या फलकांवरच्या ‘आमची मराठी’ या शब्दांकडे मी बराच वेळ बघत उभी होते. मला तिथे ‘आपली’ हवं होतं.

आई आता ऐंशीची आहे. तिला कमी ऐकू येतं, फोनवर मोठ्याने बोलावं लागतं. शनिवारी गावी जायचं असलं की मी शाळेच्या शिक्षककक्षात सगळ्यांसमोर उभी राहून मोठ्याने सांगते, ‘आई, शनवारी येतो गं.’ पूर्वी मी त्यासाठी बाहेर व्हरांड्यात जायचे. आमच्याकडे निघतानाही कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’च म्हणतात. त्यामुळे फोन ठेवतानाही तेच, ‘बरं, येतो.’

वाचकहो, पुढची पानं उलटण्याआधी एक विनंती आहे. तुमच्या घरात जी सर्वांत वयस्क बाई असेल तिच्याजवळ एक दुपार बसा. ती सासूला काय म्हणायची, नवऱ्याला काय म्हणायची, साप दिसला तर रात्री त्याचं नाव काय घ्यायची, बांगडी फुटली तर कोणता शब्द वापरायची, आणि ‘मी’नंतर तिचं क्रियापद ‘आले’ होतं की ‘आली’ की ‘आलो’, हे तिला विचारा. जे म्हणेल ते वहीत उतरवून घ्या. तारीख आणि गावाचं नाव घाला. ती ‘न’ म्हणाली तर ‘न’च लिहा.